सुकलू मंडईला गेला नाही

सुकलूची दंडार पाहायला लोक सिंदेवाहीपासून बंड्या जुंपून येत. दिवाळी झाली, हलका धान कापून खळ्यावर आला, की गावोगावी मंडईची जत्रा भरायची आणि मंडई म्हटली की नाचगाण्यानं खेळली जाणारी दंडार आलीच. त्या दंडारीत राणी व्हायचा मान मुरपारच्या सुकलूचा. दुपारी आंब्याखाली तंबाखू मळत बसलेला हाच माणूस, हे बायांना ठाऊक असायचं. तरी सांजेला लुगडं नेसून तो उभा राहिला आणि वनवासाला निघालेल्या राजासाठी रडायला लागला, की त्या पदरानं डोळे पुसायच्या. त्याच्या मागे ढोलकीवर नथ्थू असे. दोघं लहानपणी एकाच तलावात पोहायला शिकलेले. सुकलूचा श्वास कुठे संपणार हे नथ्थूच्या बोटांना आधी कळायचं.

सुकलूची बायको वच्छला अगदी पुढे, ढोलकीच्या बाजूला बसायची. ती रडत नसे. नवऱ्याकडे बघून हसायची, आणि घरी आल्यावर म्हणायची, "आज राणी लय गोड रडली."

मग एका हिवाळ्यात वच्छलाच्या खांद्यावर फिकट चट्टा दिसला. कोणी म्हटलं गजकर्ण, कोणी म्हटलं उष्णता. पण पुढच्या उन्हाळ्यात तिनं चुलीवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातानं उतरवलं आणि कातडी जळाल्याचा वास आल्यावर तिला कळलं की हात भाजला. तेव्हा सगळ्यांनाच काय ते समजलं. पंच कोणाला वाईट शब्द बोलले नाहीत. तलावाच्या पाळीवर एक झोपडी घालून द्या, एवढंच म्हणाले. सुकलू रोज भात रांधून तिकडे घेऊन जाऊ लागला आणि तिथेच निजू लागला. दंडारीत तो त्या वर्षी गेला नाही.

मूल गावाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. तिथल्या गोऱ्या मडमेकडे नवीन गोळ्या आल्या आहेत, असं बाजारात कोणीतरी सांगितलं. सुकलूनं बंडी मागितली, वर ताडपत्री बांधली आणि वच्छलाला तिकडे नेलं. तिला ठेवून परत यावं असा विचार होता. पण परत येऊन करायचं काय, म्हणून तोही तिथेच राहिला. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, आणि वच्छलाच्या खाटेजवळ बसायचं.

तिथे पत्रू मास्तर होते. अहेरीकडचा माणूस, फारसा उंच नाही, बोलणं हळू. दवाखान्यातल्या लोकांना ते येशूविषयी सांगत. सुकलू भिंतीला टेकून ऐके, पण त्याचं लक्ष बहुतेक वच्छलाच्या चेहऱ्याकडे असे. ती मात्र मन लावून ऐकायची आणि प्रश्न विचारायची. एक दिवस तिनं बाप्तिस्मा घेतला. सुकलूनं अडवलं नाही. तिच्या जवळचं सगळं गेलं होतं. तिला काही हवंसं वाटतंय, यातच त्याला समाधान होतं.

"हे हात इथीच राह्यतीन," ती आपल्या वाकड्या बोटांकडे बघत एकदा म्हणाली. "मी नाई राह्यत."

चट्टे गोळ्यांनी मंदावले होते. पण चैत्रात तिच्या अंगावर सूज आली, लघवी बंद झाली, आणि मडमेनं सुकलूला बाहेर बोलावून सांगितलं की आता हातात काही नाही. वच्छलाला ते न सांगताच कळलं होतं. दुपारच्या वेळी तिनं त्याला जवळ बसवलं.

"मी पुढं जाऊन राह्यली," ती म्हणाली. "तू मागून ये. घाई नोको करू. पण ये."

सुकलूनं मान हलवली. संध्याकाळच्या आत ती गेली.

दुसऱ्याच्या राजासाठी आयुष्यभर रडलेला तो माणूस त्या दिवशी रडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक वाट बघत होते. पत्रू मास्तर त्याच्याजवळ येऊन बसत आणि उठून जात. सुकलूला आपल्या आत हात घालून बघावं असं वाटे, पण आत धरायला काही लागत नव्हतं. भात मातीसारखा लागायचा. पाखरं ओरडायची, ती फार लांब कुठेतरी ओरडत आहेत असं वाटायचं. पट्ट्या बांधणारा एक माणूस त्याच सुमारास गावी निघून गेला, तेव्हा सुकलू न सांगताच त्याच्या जागी बसला. जखमा धुवायच्या, औषध लावायचं, पट्टी बांधायची. पायाला भोक पडलं तरी कळत नाही अशा माणसांचे पाय तो हातात घेई, आणि दोघंही त्या पायाकडे सारख्याच नजरेनं बघत.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं पत्रू मास्तरांना सांगितलं, "मले बाप्तिस्मा पाह्यजे."

मास्तरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "दुःखात माणूस काही पण मागतो, सुकलू."

"दुःख बी होत नाई मले, मास्तर."

"मग कशासाठी?"

"ती खोटं बोलणारी नव्हती. ती जिथी गेली म्हणे, ते हाय. येशू मेला आन उठला, तुमी सांगता, ते मी तिच्या खाटेपाशी बसून रोज ऐकलं. ते खरं हाय. मले त्याचं वाटत काईच नाई. पण खरं हाय."

"पावसाळा जाऊ दे," मास्तर म्हणाले. "तरी असंच म्हणशील तर ये."

पावसाळा गेला. सुकलू पुन्हा गेला आणि तेच बोलला. भाद्रपदाच्या शेवटी नाल्याच्या डोहात मास्तरांनी त्याला पाण्यात बुडवून वर काढलं. काठावरचे रोगी भजन म्हणत होते, कोणी डोळे पुसत होतं. सुकलूला पाणी गार लागलं, एवढंच. तो बाहेर आला, ओलं धोतर पिळलं, आणि पट्ट्या उकळायचं भांडं चुलीवर ठेवलं.

बातमी मुरपारला पोचायला वेळ लागला नाही. जातीतून काढल्याचा निरोप आला. तोही त्यानं ऐकून घेतला.

दिवाळीच्या आधी, एका दुपारी, दवाखान्याच्या फाटकाशी बंडी थांबली. नथ्थू उतरला. काखेत ढोलकी होती. सुकलू मोहाच्या झाडाखाली धुतलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत घालत होता. नथ्थू थोडा दूरच थांबला. ह्या जागेची भीती त्याच्या पायांत होती. मग ती बाजूला सारून तो जवळ आला आणि जमिनीवर बसला.

"वाळलास गा," तो म्हणाला.

"बस. पानी आनू का?"

"नोको. आधी आईक." नथ्थूनं ढोलकी मांडीवर घेतली, पण वाजवली नाही. "मागच्या साली दुसऱ्याले राणी केलं. लोक अर्ध्यातून उठून गेले. गुणवंतरावानं खुद्द पाठवलं मले."

गुणवंतराव मुरपारचे मालगुजार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, तरी गाव त्यांना अजून मालगुजारच म्हणत असे आणि मंडईचा मांडव त्यांच्याच दारापुढे पडत असे.

"ते म्हणतेत, सुकलूले आना. तलावाखालची धानाची बांदी कसायले देतो, घर शाकारून देतो. जातीचं मी पाहून घेतो. देवीपुढं नारळ फोडायचा, पंचांपुढं एक शब्द बोलायचा का बा बायकोच्या दुःखानं डोकं फिरलं होतं, ते येशूचं-बिशूचं काई खरं नव्हतं. गावजेवन ते घालतीन. झालं."

सुकलू पट्टीचं टोक दोरीला गुंडाळत राहिला.

"आन दुसरं," नथ्थूचा आवाज खाली आला. "माही बहीण कमळा. तुले ठाऊक हाय. नवरा गेल्यापासून घरीच हाय. पाट लावायले आमच्या घरचं कोनी नाई म्हणत नाई. मी तिले इचारलं. ती काई बोलली नाई, पण हे देलं."

त्यानं फडक्याची पुरचुंडी सोडली. आत अनारसे होते. कमळा सुकलूला आठवत होती. दंडारीत वच्छलाच्या शेजारी बसणारी, बोटानं जमिनीवर ताल धरणारी. सुकलूनं एक अनारसा घेतला तो नथ्थूचं मन राखायला. दातांखाली खसखस आली, गूळ आला, तुपाचा वास आला. तो चावता चावता थांबला. कितीतरी महिन्यांनी त्याला कशाची तरी चव लागली होती.

नथ्थूनं त्याचा चेहरा वाचला. त्यानं ढोलकीवर थाप दिली. राणी रानात शिरते तिथला तो ठेका होता, संथ, मध्येच अडखळणारा. दवाखान्याच्या ओसरीवरचे लोक वळून बघू लागले. सुकलूचा पाय धुळीत हलला. त्याला आधी ते कळलंच नाही. घशात ऊब आली. ओठ न उघडता तो गुणगुणायला लागला, मग ओठ उघडले, आणि पहिली ओळ पूर्ण आवाजात बाहेर पडली. तोच आवाज. कुठेही मोडला नव्हता. दुसऱ्या ओळीला त्याला दिसलं की ढोलकीच्या बाजूला वच्छला बसलेली आहे आणि त्याच्याकडे बघून हसते आहे, दोन्ही हात चांगले आहेत. त्याचे डोळे भरून वाहायला लागले. गाणं थांबलं, पण रडणं थांबेना. नथ्थू ढोलकी बाजूला ठेवून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"पाह्यलं?" नथ्थू म्हणाला. "तू मेला नाईस गा. इथी मरून राह्यला होता. चाल घरी."

"आज राह्य," सुकलू डोळे पुसत म्हणाला. "सकाळी सांगतो."

उन्हं कलली तेव्हा तो पत्रू मास्तरांच्या खोलीवर गेला. मास्तर दारात बसून तांदूळ निवडत होते. सुकलूनं काही न लपवता सगळं सांगितलं. बांदी, घर, कमळा, अनारसे, गाणं, रडणं.

मास्तर सुपातले खडे वेचत राहिले. "गाणं काही पाप नाही," ते म्हणाले. "लग्नही नाही. शेत कसणंही नाही. तुला धरून ठेवणारा मी कोण? पण पंचांपुढे तू काय बोलणार?"

"का ते खरं नव्हतं."

"नव्हतं का?"

अंगणात एक कोंबडी सांडलेले दाणे टिपत होती. सुकलू तिच्याकडे बघत म्हणाला, "मले तिथी बरं वाटलं, मास्तर. नथ्थूनं वाजवलं तवा. गोड लागलं, रडायले आलं. इथी आल्यापासून, पाण्यात बुडालो त्या दिवशी बी, एकदा बरं नाई वाटलं मले. रोज प्रार्थना करतो. भिंतीसंग बोलल्यावानी वाटते."

मास्तरांनी सूप खाली ठेवलं. "मी तुला बरं वाटेल असं कधी सांगितलं होतं का?"

"नाई."

"काय सांगितलं होतं?"

"का तो सोडत नाई. का मरण झाल्यावर बी जगणं हाय, आन ते त्याच्यापाशी हाय."

"तेवढंच मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "तुला बरं कधी वाटेल ते मला सांगता येत नाही. ह्या जन्मी वाटेल की नाही, तेही नाही. खोटं सांगून तुला ठेवून घेतलं, तर गुणवंतरावांत नि माझ्यात फरक काय?"

त्यांनी पुन्हा सूप उचललं. मास्तरांनी प्रार्थना केली नाही, आशीर्वादही दिला नाही. निघताना सुकलूनं मास्तरांनी वेचलेले खडे मुठीत घेऊन कुंपणापलीकडे टाकले.

सकाळी नथ्थू बैलांना पाणी दाखवून तयार होता. सुकलूच्या हातात काही सामान नाही हे त्यानं दुरूनच बघितलं.

"येत नाईस," तो म्हणाला.

"नाई."

"काऊन?"

सुकलूनं बंडीच्या जुवाडीवर हात ठेवला. "काल मले लय चांगलं वाटलं, नथ्थू. तुले खोटं नाई सांगत. पण त्याच्यासाठी मले पंचांपुढं म्हणा लागते का येशू खोटा हाय आन वच्छला कुठीच नाई, मातीत हाय. ते मले म्हणता येत नाई."

"नुसतं तोंडानं म्हणायचं हाय. मनात काई बी ठेव."

"तोंडच तं हाय माह्याजवळ. मनात काई नाई."

नथ्थू बैलाच्या पाठीवरचं गवत झटकत राहिला. "आपन धा वर्सं आखीन गाऊ," तो अखेर म्हणाला. "वाजवू, खाऊ, हसू. तुले पोट्टेसोट्टे होतीन. हे काईच नाई का?"

"लय हाय ते."

"मंग?"

"मंग मरू."

"सारेच मरतेत गा."

"हो. त्याच्या पुढचं मी धरलं हाय. ते मले गोड नाई लागत, नथ्थू. मुठीत गोटा धरल्यावानी धरलं हाय. पण सोडलं तं माह्याजवळ सारं राह्यते आन तेच राह्यत नाई."

"तू दगड झालास," नथ्थू म्हणाला. रागानं नाही, भावाच्या अंगाला हात लावून ताप किती आहे ते सांगावं तसं म्हणाला.

"असंन."

नथ्थू बंडीवर चढला. त्यानं कासरा हातात घेतला. "कमळाले काय सांगू?"

"सांग का अनारसे चांगले झाले होते," सुकलू म्हणाला. "सांग का तिच्या हाताचं खाल्लं तवा मले चव आली. आन तिचा संसार चांगल्या माणसासंग होऊ दे."

बंडी रस्त्याला लागली. ती सागाच्या वळणाआड जाईपर्यंत सुकलू फाटकात उभा होता. आपण आता रडू, असं त्याला वाटलं. काल आलं होतं तसं काही येईल म्हणून तो थांबला. आलं नाही. कालची ऊब रात्रीतच कुठेतरी विरून गेली होती आणि आतलं सगळं पुन्हा सपाट झालं होतं. ओसरीवरून कोणीतरी पट्टीसाठी हाक मारली, तेव्हा तो वळला.

मुरपारची मंडई त्याच्याशिवाय भरली. यंदाची राणी बरी निघाली, असं बाजारात आलेल्या एका माणसानं सांगितलं. नथ्थूची ढोलकी तशीच वाजते, हेही सांगितलं. माघात कमळाचा पाट नागभीडकडच्या एका घरी लागला. सुकलूनं ऐकलं, आणि त्या दिवशी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. घेताना छातीत काही हललं नाही. तरी घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीही घेतलं. मास्तरांनी त्याला उपासनेत भजन म्हणायला लावलं. तो म्हणे. सूर चुकत नसे. ऐकणाऱ्यांना ते गोड लागे आणि त्याला लागत नसे. तेवढ्यानं त्यानं म्हणायचं थांबवलं नाही.

फाल्गुनात पळस पेटला तेव्हा एटापल्लीच्या रानातून सोमारी नावाची म्हातारी आली. गोंड बाई, एकटी. घरच्यांनी तिला दवाखान्याच्या वाटेवर सोडलं होतं आणि सोबत मोहाची फुलं बांधून दिली होती. हातांची बोटं झडून गेली होती, एक पाय कुजला होता. मडमेनं पाय बघितला आणि मान खाली घातली. सुकलू रोज तो पाय धुवायचा. सोमारीला दुखत नसे, त्यामुळे ती त्याच्याशी गप्पा मारायची. अर्धं गोंडी, अर्धं मराठी.

"आमचे लोक मेले का आज्या-पंज्याइपाशी, पुरख्याइपाशी जातेत," ती एका दुपारी म्हणाली. "तुमचे कुठी जातेत?"

"येशूपाशी."

"कसं हाय तिथी?"

"मरण नाई म्हणतेत. दुखणं नाई."

सोमारीनं आपले हात वर केले. "आन हे? बोटं असतीन का?"

"असतीन."

"तू पाह्यलं?"

"नाई."

"मंग कसा सांगतेस?"

सुकलूनं पाण्यात फडकं पिळलं. "जो मेला आन परत उठला त्यानं सांगितलं. माही बायको त्याच्याच भरोशावर गेली. मी बी त्याच्याच भरोशावर हाव."

"तुले आनंद होते का त्याचा?"

"नाई होत."

सोमारी त्याच्याकडे एकटक बघत राहिली. मग तिच्या तोंडावर सुरकुत्या पसरल्या, ती हसत होती. "बजारात फसवणारे लोक हसून सांगतेत," ती म्हणाली. "तू तं असा सांगतेस जसा कोनी इचारलं का नाला कुठी हाय, आन तू म्हणतेस, त्या झाडाच्या पल्याड."

"तसंच हाय ते."

पट्टी बांधून झाली तेव्हा ती म्हणाली, "मी जाईन तवा इथी बसशीन का?"

"बसीन."

तिला ताप चढला तो उतरला नाही. पत्रू मास्तर येऊन तिच्याशी बोलले. ती सगळं ऐकून घेई आणि मग सुकलूकडे बघून विचारी, "हे बी खरं हाय?" तो हो म्हणे. एकदा तिनं मास्तरांना सांगितलं, येशूला माझं नाव सांगा, मला तिकडची वाट ठाऊक नाही. मास्तरांनी तिच्याच खाटेशी बसून ते सांगितलं, आणि वाटीभर पाण्यानं तिला बाप्तिस्मा दिला. सुकलू वाटी धरून उभा होता.

पुढच्या दिवशी भर दुपारी सोमारी गेली. सुकलू बसला होता. तिचा बोटं नसलेला हात त्यानं आपल्या हातात घेतला होता. श्वास थांबल्यावरही थोडा वेळ तो तसाच बसला, मग तिचे डोळे मिटवले, पायाची पट्टी सैल झाली होती ती नीट केली, आणि मास्तरांना सांगायला गेला.

खड्डा खणायला तो आणि आणखी दोघं होते. उन्हाळ्याची जमीन, कुदळ टणकत होती. माती लोटून झाल्यावर मास्तरांनी थोडक्यात प्रार्थना केली. घामानं सुकलूचे डोळे चुरचुरत होते. त्यानं आत चाचपून बघितलं, सवयीनं. काही नव्हतं. आमेन म्हणायची वेळ आली तेव्हा तो सगळ्यांबरोबर आमेन म्हणाला, कुदळ खांद्यावर घेतली, आणि ओसरीवर गेला. पट्ट्या बदलायच्या राहिल्या होत्या. पहिल्या खाटेवरच्या माणसानं पाय पुढे केला.